गव्ह डॉट यूके डिझाइन सिस्टिम: मराठी फॉर्म बनवणाऱ्यांसाठी परीक्षण

ब्रिटनमध्ये पासपोर्टचा अर्ज करा, गाडीचा कर भरा किंवा मतदार यादीत नाव नोंदवा, पडद्यावरची बटणं, चौकटी आणि चुकांचे संदेश सगळीकडे सारखेच दिसतात. खाती वेगळी, टीम वेगळ्या, पण साचा एक. त्या साच्याचं नाव गव्ह डॉट यूके डिझाइन सिस्टिम. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिसने, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या डिजिटल विभागाने, तो तयार केला आणि जून २०१८ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. कोड एमआयटी परवान्याखाली आहे, म्हणजे पुण्यातली चार जणांची कंपनी किंवा नाशिकची एखादी पतसंस्थाही तो फुकट वापरू शकते. प्रश्न एवढाच की मराठी फॉर्मसाठी तो घ्यावा का, आणि घेतला तर काय काय बदलावं लागतं.

मत आधीच सांगून टाकते: फॉर्म भरून घेण्याच्या कामासाठी यापेक्षा विचारपूर्वक केलेला फुकट संच मला माहीत नाही. पण त्याची खरी किंमत कोडमध्ये नाही, सोबतच्या मार्गदर्शनात आहे. जो कोड उतरवून घेतो आणि मार्गदर्शन वाचत नाही, त्याच्या हाती फक्त हिरवं बटण लागतं.

संचात तीसहून अधिक घटक आहेत: बटण, मजकुराची चौकट, रेडिओ, चेकबॉक्स, तारीख, फाइल अपलोड, चुकांचा गोषवारा, टास्क लिस्ट वगैरे. त्यांच्या जोडीला रंग, अक्षरं आणि अंतरांचे नियम, आणि नाव, पत्ता, बँकेचा तपशील असे वारंवार लागणारे प्रश्न कसे विचारायचे याचे नमुने. प्रत्येक घटकाच्या पानावर तो कधी वापरावा, कधी वापरू नये, कसा चालतो आणि बऱ्याच ठिकाणी लोकांसोबतच्या चाचणीत काय आढळलं, हे लिहिलेलं आहे. ‘कधी वापरू नये’ हा भाग सगळ्यात मोलाचा. बाजारातले बहुतेक संच घटक कसा जोडायचा एवढंच सांगून थांबतात.

तारखेचा घटक जवळून पाहा. जन्मतारीख विचारायला इथे कॅलेंडर उघडत नाही, ड्रॉपडाउनही नाही. साध्या तीन चौकटी: दिवस, महिना, वर्ष. पहिल्या दोन दोन आकड्यांएवढ्या रुंद, तिसरी चार आकड्यांएवढी. किती आकडे लिहायचे ते रुंदीवरूनच कळतं. वर ‘उदाहरणार्थ, २७ ३ २००७’ अशी एक ओळ. चौकटीच्या आत फिकट अक्षरांत नमुना छापलेला नाही, कारण टाइप करायला लागताच तो गायब होतो आणि काहींना तो आधीच भरलेला मजकूर वाटतो. एका चौकटीतून पुढच्या चौकटीत कर्सर आपोआप उडी मारत नाही, कारण चुकून भलताच आकडा दाबला गेला तर मागे येऊन दुरुस्त करणाऱ्याची त्यात फरफट होते. महिन्याच्या जागी कुणी आकड्याऐवजी नाव लिहिलं, पूर्ण किंवा संक्षिप्त, तरी ते स्वीकारा असं मार्गदर्शन सांगतं. मराठीत याचा अर्थ सर्व्हरला ‘मार्च’, ‘सप्टेंबर’ आणि ‘सप्टें’ हे तिन्ही कळले पाहिजेत. वर्ष राहिलं तर संदेश ‘जन्मतारखेत वर्ष लिहा’ असा येतो आणि लाल कड फक्त वर्षाच्या चौकटीला येते, तिन्हींना नाही. १९५८ साली जन्मलेल्या माणसाला कॅलेंडरमध्ये महिना महिना मागे जायला लावणारे फॉर्म आपल्याकडे आजही आहेत. त्यांच्या शेजारी हा घटक ठेवून पाहावा.

कॅलेंडर मात्र इथे नाहीच. येत्या पंधरवड्यातली भेटीची वेळ निवडायची तर वार दिसणं गरजेचं असतं, आणि ते काम या तीन चौकटी करू शकत नाहीत. ब्रिटनच्याच न्याय मंत्रालयाच्या स्वतंत्र डिझाइन सिस्टिममध्ये तारीख निवडायचा घटक आहे आणि तो याच पायावर बसतो. तो तिथून घ्यावा.

‘एका पानावर एकच गोष्ट’ हा इथला सगळ्यात गाजलेला नियम, आणि सगळ्यात जास्त गैरसमज झालेलाही. नियम असा नाही की एका पानावर एकच चौकट हवी. दिवस, महिना आणि वर्ष मिळून एक गोष्ट. पत्त्याच्या पाच ओळी मिळून एक गोष्ट. एका वेळी माणसाला एकच निर्णय घ्यावा लागावा, एवढाच मुद्दा. सुरुवातीचं पान, मग प्रश्नांची पानं, मग ‘तुमची उत्तरं तपासा’ हे पान, शेवटी अर्ज क्रमांकासह पोच. चूक झाली तर ती त्याच पानावर सापडते. लांब फॉर्मच्या तळाशी ‘सबमिट’ दाबल्यावर वर कुठेतरी लाल झालेली चौकट शोधत बसावं लागत नाही. शिवाय उत्तरानुसार वाट बदलता येते: ‘तुमच्याकडे शेतजमीन आहे का?’ याला ‘नाही’ म्हटलं की गट नंबर आणि क्षेत्रफळाची पानं येतच नाहीत.

पानं वाढली की टीममधले लोक घाबरतात, आणि फॉर्ममध्ये पन्नास प्रश्न असतील तर ते बरोबरच आहे. त्यावर उपाय प्रश्न कमी करणं. त्यासाठी ब्रिटिश सेवा-पुस्तिका प्रश्नांचा तक्ता करायला लावते: प्रत्येक प्रश्नासमोर त्याचं उत्तर कोण वापरतं, कशासाठी वापरतं आणि उत्तर चुकलं किंवा मिळालं नाही तर काय होतं. आपल्याकडच्या एखाद्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा असा तक्ता केला तर ‘वापरणारा कोण’ हा रकाना बऱ्याच ओळींत रिकामा राहील. डिझाइनची फाइल उघडायच्या आधीचं हे काम आहे आणि त्याला एक स्प्रेडशीट पुरते.

चुकांच्या संदेशांवर इथे जेवढी मेहनत घेतली आहे तेवढी दुसरीकडे क्वचित दिसते. चूक झाली की पानाच्या डोक्यावर लाल कडेचा गोषवारा येतो, त्यात प्रत्येक चूक एका लिंकच्या रूपात असते, आणि लिंकवर दाबलं की थेट त्या चौकटीत पोचता येतं. चौकटीच्या वर तोच संदेश, शब्दही तेच. दोन ठिकाणी वेगळे शब्द असले तर वाचणाऱ्याला दोन चुका वाटतात. पान लोड होताच कीबोर्डचा फोकस, म्हणजे कळ दाबली तर ती जिथे लागू होईल ती जागा, गोषवाऱ्यावर जातो. ब्राउझरच्या टॅबवरच्या शीर्षकाच्या सुरुवातीलाही ‘चूक:’ जोडायचं असतं, कारण स्क्रीन रीडर, म्हणजे न दिसणाऱ्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, पान उघडल्यावर आधी शीर्षक वाचतो. हा शेवटचा भाग घटक आपोआप करत नाही, तो डेव्हलपरने पानाच्या टेम्प्लेटमध्ये करायचा असतो. राहून जाण्याची सगळ्यात मोठी शक्यता याचीच.

संदेशात ‘प्लीज’ नको, ‘सॉरी’ नको, ‘इनव्हॅलिड’ तर नकोच, असं मार्गदर्शन सांगतं. मराठीला हे तंतोतंत लागू पडतं. ‘कृपया वैध भ्रमणध्वनी क्रमांक प्रविष्ट करा’ हे वाचून नेमकं काय चुकलं ते कळत नाही. ‘मोबाइल नंबर १० आकड्यांचा लिहा’ हे कळतं. ‘लिहा’, ‘निवडा’, ‘जोडा’ यांत आदर आधीच आहे, वर कृपया लावायची गरज नाही. आणि एकाच चौकटीचे दोन वेगळे संदेश लागतात: रिकामी सोडली तर ‘मोबाइल नंबर लिहा’, आकडे कमी पडले तर वरचा. बहुतेक फॉर्म दोन्हीला एकच संदेश देतात आणि माणूस तोच नंबर पुन्हा पुन्हा टाइप करत राहतो.

मोकळीक देणं हाही त्याच विचाराचा भाग आहे. आधार क्रमांक कार्डावर चार-चार आकड्यांच्या गटांत छापलेला असतो, त्यामुळे लोक तो मोकळी जागा सोडूनच लिहिणार. ती जागा काढून टाकणं हे सर्व्हरचं काम, माणसाचं नव्हे. मोबाइल नंबरच्या आधी अधिक ९१ आलं, मध्ये आडवी रेघ आली, तरी स्वीकारायचं.

आकड्यांच्या चौकटीबद्दल एक सूचना इथे स्पष्ट आहे: एचटीएमएलचा ‘नंबर’ प्रकार टाळा. त्यात माउसचं चाक चुकून फिरलं तरी आकडा बदलतो, काही ब्राउझर त्यात ‘ई’ हे अक्षर चालवून घेतात, आणि काही सहाय्यक तंत्रज्ञानांना तो नीट हाताळता येत नाही. त्याऐवजी साधी मजकुराची चौकट घ्यायची आणि ‘इनपुटमोड न्यूमरिक’ लिहायचं. फोनवर आकड्यांचा कीपॅड उघडतो, बाकी उपद्व्याप टळतात. मोबाइल नंबर, पिनकोड, खाते क्रमांक यांची आपण बेरीज करणार नसतो, त्यामुळे त्यांना संख्या मानायचं कारणच नाही.

ड्रॉपडाउनला हा संच शेवटचा पर्याय मानतो. पर्याय थोडे असतील तर रेडिओ बटणं एकाखाली एक लावा, आधीपासून कोणतंही निवडून ठेवू नका. रेडिओचा गोल ४० पिक्सेलचा आणि बोटाला मिळणारी जागा ४४ पिक्सेलची, त्यामुळे कामाने खरखरीत झालेल्या बोटालाही तो सापडतो. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांसाठी मात्र रेडिओची यादी लांबते. तिथे त्याच टीमचं ‘अॅक्सेसिबल ऑटोकम्प्लीट’ हे वेगळं पॅकेज उपयोगी पडतं, पण ते जसंच्या तसं बसवलं तर ‘pune’ ऐवजी ‘पुणे’ एवढं करून भागत नाही. रोमन लिपीत टाइप करणाऱ्याला मराठी नाव सापडत नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या नावाला इंग्रजी रूप आणि जुनी-नवी नावं जोडून शोधायचा कोड आपणच लिहावा लागतो; औरंगाबाद टाइप करणाऱ्याला छत्रपती संभाजीनगर सापडलं पाहिजे, उस्मानाबाद टाइप करणाऱ्याला धाराशिव.

बटणाबद्दल दोन गोष्टी. फॉर्म पूर्ण भरेपर्यंत बटण फिकं आणि बंद ठेवू नका, कारण ते का चालत नाही हे कुणी सांगत नाही. चालू ठेवा, दाबू द्या, आणि मग काय राहिलं ते सांगा. दुसरं, बटणावर दोनदा क्लिक होण्यापासून बचावाची सोय आहे. ती चालू केली की एका सेकंदाच्या आतला दुसरा क्लिक दुर्लक्षिला जातो. पैसे भरण्याच्या पानावर ही सोय लावावीच, पण तिच्यावर विसंबून सर्व्हरवरची तपासणी गाळू नये. नेट मंद असेल तर माणूस पाच सेकंदांनीही पुन्हा दाबतो.

फोकसचा रंग पिवळा आणि खाली जाड काळी रेघ, हे अनेकांना भडक वाटतं. पहिली कात्री इथेच चालते. ती चालवू नये. पिवळा गडद पार्श्वभूमीवर दिसतो, काळा पांढऱ्यावर दिसतो, आणि दोन्ही मिळून कुठेही हरवत नाहीत. नुसत्या कीबोर्डवर फॉर्म भरणाऱ्यासाठी तीच एक खूण असते.

आता देवनागरीकडे. इथे संच उघडा पडतो, आणि ते साहजिक आहे, कारण तो इंग्रजी आणि वेल्शसाठी बनला आहे. जीडीएस ट्रान्सपोर्ट हा त्यांचा फाँट देवनागरी अक्षरं देत नाही, शिवाय तो सरकारी डोमेनच्या बाहेर वापरायची परवानगीही नाही. सास, म्हणजे संचाच्या स्टाइलशीट ज्या भाषेत लिहिल्या आहेत ती, तिच्या सेटिंगमध्ये फाँटचं नाव बदलणं ही पहिली पायरी. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही चालतात. मुंबईच्या एक टाइपने केलेल्या मुक्तमध्ये इंग्रजी अक्षरंही जुळती आहेत, त्यामुळे मिश्र ओळी बऱ्या दिसतात. नियमित आणि ठळक एवढी दोनच वजनं लोड करा.

मग ओळींची उंची. मूळ साच्यात मोठ्या पडद्यावर मजकूर १९ पिक्सेलचा आणि ओळ २५ ची. इंग्रजीला हे पुरतं. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय, त्यामुळे ओळी एकमेकींना टेकतात. १९ ला २९ किंवा ३०, आणि फोनवर १७-१८ ला २७ ठेवा. खरी पंचाईत मोठ्या शीर्षकांत होते. ४८ पिक्सेलच्या शीर्षकाला मूळ ओळ फक्त ५० पिक्सेलची आहे. ‘कुटुंबातील मृत्यूची नोंद आणि वारसांची माहिती’ असं दोन ओळींचं शीर्षक टाकून पाहा: ‘मृत्यूची’चा ऋकार आणि ऊकार खालच्या ओळीतल्या मात्रांवर चढतात. मराठीत ४० पिक्सेलचं शीर्षक आणि ५६ ची ओळ पुरेशी ठसठशीत दिसते. हे बदल एकेका क्लासवर करत बसू नका. सासमध्ये अक्षरांच्या मापांचा एक नकाशा आहे, तोच पॅकेज आयात करण्याआधी आपल्या आकड्यांनी भरा, म्हणजे सगळे घटक आपोआप जुळतात.

एक अपवाद: बटण. त्याच्या मजकुराची ओळ स्वतंत्रपणे १९ पिक्सेलवर बांधलेली आहे आणि खाली दोन पिक्सेलची गडद सावली आहे. ‘पूर्ण करा’ लिहिलं की दीर्घ उकार त्या सावलीच्या दिशेने सरकतो आणि सगळा शब्द खाली बसल्यासारखा दिसतो. बटणाची ओळ २६-२७ करा आणि वरखालची आतली जागा तेवढी कमी करा. उंची तीच राहते, शब्द मधोमध येतो.

अक्षरमोजणीचा घटक मराठीत सरळ चुकीचा वागतो. तो जावास्क्रिप्टने मजकुराची लांबी मोजतो, म्हणजे स्वर, व्यंजन, काना, मात्रा, हलन्त प्रत्येक वेगळा. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा, घटकाला दहा. ‘२०० अक्षरांत तक्रार लिहा’ म्हटलं तर माणसाच्या हिशेबाने निम्म्यातच जागा संपते. उपाय सोपा आहे: अक्षरांऐवजी शब्दांची मर्यादा घाला. शब्द मोकळ्या जागेवरून मोजले जातात, मराठीत ते बरोबर येतं. डेटाबेसमुळे अक्षरांचीच मर्यादा हवी असेल तर ती भरपूर मोठी ठेवा आणि मजकूर मर्यादेच्या जवळ पोचल्यावरच मोजणी दाखवा, तशी सोय घटकात आहे.

त्याच घटकात आणखी एक खोच. पानाची भाषा मराठी लावली की मोजणीचा आकडा ब्राउझर मराठीच्या रिवाजाप्रमाणे देवनागरीत छापतो. बाकी पानभर इंग्रजी आकडे असतील तर एवढी एकच ओळ वेगळी दिसते. सगळं पान देवनागरी आकड्यांत करा, नाहीतर त्या घटकापुरत्या भाषेच्या खुणेला ‘एमआर-यू-एनयू-एलएटीएन’ असं शेपूट जोडा, म्हणजे आकडे इंग्रजी राहतात. संदेशाचे मराठी शब्द घटकाला पर्याय म्हणून देता येतात, एकवचन आणि अनेकवचन वेगळं.

उलट बाजूनेही आकडे त्रास देतात. मराठी कीबोर्डवरून तारखेच्या चौकटीत ‘१५’ आलं तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानत नाही आणि बरोबर तारीख लिहिणाऱ्याला चूक झाल्याचा संदेश जातो. पायथॉन मात्र देवनागरी आकडे सरळ स्वीकारतो. म्हणजे ब्राउझरमधली तपासणी नाकारते आणि सर्व्हरवरची स्वीकारते, किंवा सर्व्हर नोडवर, म्हणजे जावास्क्रिप्टवरच, चालत असेल तर दोन्ही नाकारतात. तपासणीच्या आधी देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे करून घेणारी दहा ओळींची एक फंक्शन सगळ्या चौकटींना लावा. हे पहिल्याच दिवशी करायचं काम आहे.

‘तुमची उत्तरं तपासा’ या पानावर प्रत्येक उत्तरासमोर ‘बदला’ ही लिंक असते. नजरेने पाहणाऱ्याला ती कुठल्या ओळीची ते दिसतं. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला नुसतं ‘बदला, बदला, बदला’ ऐकू येतं. म्हणून घटकात लपलेला मजकूर जोडायची सोय आहे, पण तो लिंकच्या शब्दानंतर जोडला जातो. मराठीत ‘बदला पूर्ण नाव’ असं कानाला तिरकं ऐकू येतं. तिथे साध्या मजकुराऐवजी एचटीएमएल द्यायचा पर्याय वापरा आणि लपलेलं ‘पूर्ण नाव’ आधी, ‘बदला’ नंतर ठेवा. चुकांच्या संदेशाआधी ऐकू येणारा ‘एरर’ हा लपलेला शब्दही मराठीत करायचा असतो. डोळ्यांना दिसत नसल्याने तो राहून जातो आणि मराठी वाक्यात इंग्रजी शब्द टपकतो. पानाला मराठीची खूण नसेल तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायला जातो आणि मग काहीच कळत नाही. भाषेची खूण पानाच्या मुळाशी, आणि मध्ये इंग्रजी परिच्छेद आला तर त्याला वेगळी.

काही नमुने आपल्याकडे चालतच नाहीत. पोस्टकोड टाकून घराची यादी मिळवणं त्यापैकी एक. तिकडचा पोस्टकोड मोजक्या घरांपुरता असतो, आपला सहा आकडी पिनकोड गावंच्या गावं पोटात घेतो. पिनकोडवरून जिल्हा आणि टपाल कार्यालय सुचवा, त्याखाली मोकळ्या ओळी द्या. नावाचा नमुना मात्र फार उपयोगी आहे: शक्य असेल तिथे पूर्ण नावाची एकच चौकट. दाखल्यावर आडनाव आधी, पॅनवर नंतर, लग्नानंतर बदललेलं, वडिलांचं नाव नसलेलं, हे सगळं एका चौकटीत मावतं. तीन सक्तीच्या चौकटी केल्या की कुणीतरी मधल्या नावात टिंब टाकून पुढे जातं. नाव एखाद्या दाखल्याशी जुळवायचंच असेल तर प्रश्न ‘दाखल्यावर आहे तसं नाव लिहा’ असा विचारावा.

ऑफिसातल्या दाट पडद्यांसाठी, म्हणजे दिवसभर शेकडो अर्ज तपासणाऱ्या कारकुनाच्या स्क्रीनसाठी, हा संच फार ऐसपैस आहे. ९६० पिक्सेलची रुंदी, ६० पर्यंत जाणारी अंतरं, क्रमवारी न लावता येणारा तक्ता. तिथे अंतरांच्या खालच्या पायऱ्या वापरून आणि तक्त्यासाठी न्याय मंत्रालयाचे घटक घेऊन निभावता येतं, पण ओढाताण होते. रिअॅक्टसाठी अधिकृत घटकही नाहीत. अधिकृत आधार एचटीएमएल आणि ननजक्स या टेम्प्लेटच्या भाषेला आहे. टीम पूर्ण रिअॅक्टवर असेल तर इतरांनी केलेली रूपांतरं किंवा स्वतःचे घटक, आणि दर आवृत्तीला ते जुळवत राहण्याचं काम, हे आधीच धरून चाला.

प्रोटोटाइप किट, म्हणजे चाचणीसाठी नमुना फॉर्म उभा करायचं साधन, हा जोडीचा भाग वेगळ्या शाबासकीला पात्र आहे. तो नोडवर चालतो, एका कमांडने उभा राहतो, आणि भरलेली उत्तरं सत्रात आपोआप जपतो. त्यामुळे चाचणीला बसलेल्या माणसाला ‘उत्तरं तपासा’ या पानावर स्वतःचंच नाव दिसतं, आणि ‘शेतजमीन नाही’ म्हटल्यावर वाट खरोखर बदलते. चित्रांच्या प्रोटोटाइपमध्ये हे दोन्ही होत नाही. तिथे सगळ्यांचं नाव एकच असतं आणि टाइप करताना होणाऱ्या चुका कळतच नाहीत. पाच-सहा जणांना त्यांच्याच फोनवर बसवा, त्यांच्यापैकी निदान एक जण मराठी कीबोर्ड वापरणारा आणि एक स्क्रीन रीडर वापरणारा असू द्या. पहिल्याच फेरीत आकड्यांचा वरचा घोळ समोर येतो. किट खऱ्या सेवेसाठी मात्र नाही, तसं ते लोक स्वतःच बजावतात.

टीम म्हणून यातून उचलण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नवा घटक आत घ्यायची पद्धत. प्रस्ताव आला की आधी दोन प्रश्न: हा अनेक सेवांना उपयोगी आहे का, आणि असलेल्या एखाद्याचीच नक्कल तर नाही ना. मग तयार घटकासाठी आणखी तीन: लोकांसोबत तपासून वापरायला सोपा ठरला का, बाकीच्यांशी सुसंगत आहे का, आणि वेगवेगळ्या ठिकाणी चालेल इतका लवचीक आहे का. छोट्या टीमने हे पाच प्रश्न एका पानावर लिहून ठेवले तरी ‘या पानापुरतं वेगळं बटण’ हा प्रकार बराच थांबतो. घटकाच्या पानावर एक रकाना ‘कुणासोबत तपासलं, काय दिसलं’ असा ठेवा. सहा महिन्यांनी नवा डिझायनर येऊन पिवळा फोकस काढायला निघाला की तोच रकाना कामी येतो.

सुसंगतीचा व्यवहारातला फायदा जून २०२५ मध्ये दिसला. गव्ह डॉट यूके या ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाचं रूप बदललं, काळ्या पट्टीच्या जागी निळी आली. पॅकेज नीट वापरणाऱ्या सेवांना आवृत्ती वाढवून एक सेटिंग चालू करायचं होतं. ज्यांनी पट्टीचं एचटीएमएल उचलून हाताने फिरवलं होतं त्यांना प्रत्येक पान उघडावं लागलं असणार. म्हणून आपले मराठी बदलही पॅकेजच्या आत घुसून करू नका. सेटिंग, घटकाचे पर्याय आणि वर एक छोटी स्वतःची स्टाइलशीट, एवढ्यातच ठेवा. मोठी आवृत्ती येते तेव्हा जुन्या ब्राउझरचा आधार सुटतो आणि क्लासची नावंही बदलतात, त्यामुळे बदलांची नोंद वाचूनच ती चढवा.

राजमुकुटाचं चिन्ह, त्यांचा फाँट आणि तसंच दिसणारं शीर्षपट्टीचं रूप घेऊ नका. परवानगी नाही आणि बनावट सरकारी पान वाटण्याचा धोका आहे. रंग बदला, हिरव्या बटणाऐवजी आपला रंग घ्या, फक्त पांढऱ्या अक्षरांशी त्याचा कॉन्ट्रास्ट ४.५ ला १ पेक्षा कमी होऊ देऊ नका. भारत सरकारच्या संकेतस्थळांच्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती डब्ल्यूसीएजी २.१ ची, म्हणजे संकेतस्थळं अपंगांनाही वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांची, एए पातळी मागते. हा संच २.२ च्या एए पातळीसाठी बांधलेला आहे, त्यामुळे सरकारी कामासाठी निविदा भरणाऱ्यांची घटकांपुरती तयारी होते. मजकूर, शीर्षकांचा क्रम आणि जोडलेल्या पीडीएफ मात्र स्वतःच तपासाव्या लागतात, आणि मराठी पीडीएफमध्ये जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर असेल तर स्क्रीन रीडर तो वाचूच शकत नाही. ती कागदपत्रं आधी युनिकोडमध्ये आणा.